श्रोत्यांची तालीम

महाराष्ट्राला व्याख्याने ऐकण्याचे व्यसन जुने आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे, आणि तिच्या धर्तीवर गावोगावी निघालेल्या व्याख्यानमालांनी मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या मनाची जी मशागत केली, तिचे मोल शाळा-महाविद्यालयांच्या खालोखाल लावावे लागेल. आचार्य अत्रे, बाळशास्त्री हरदास, शिवाजीराव भोसले, राम शेवाळकर अशा वक्त्यांना ऐकण्यासाठी माणसे तास दोन तास सतरंजीवर मांडी घालून बसत आणि परतीच्या वाटेवर त्यांच्या लकबींची हुबेहूब नक्कल करीत. परंतु या वैभवशाली परंपरेत एक गोष्ट कायमची ठरून गेली होती. वक्ता वरच्या बाजूस आणि श्रोता खालच्या बाजूस, ही वाटणी जन्मभराची असे. दहा हजारांत एखादाच वक्ता निपजतो असे सुभाषितकार सांगून गेले, आणि उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांनी टाळ्या वाजवाव्यात, हे आपण निमूटपणे मान्य करून टाकले. त्यामुळे तीस वर्षे व्याख्याने ऐकलेला सुविद्य गृहस्थ सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या समारंभात ‘दोन शब्द’ बोलण्याची वेळ आली, की चष्मा पुसू लागतो आणि दोनच शब्द बोलून खाली बसतो.

शाळांतील वक्तृत्व स्पर्धांनी ही उणीव भरून काढावी अशी अपेक्षा होती. पण वडिलांनी लिहिलेले, आईने पाठ करून घेतलेले आणि मुलाने ठरलेल्या शब्दांवर ठरलेला हात उंचावून म्हटलेले भाषण हे फार तर स्मरणशक्तीचे प्रदर्शन होय. स्वतःच्या मनातील विचार, स्वतःच्या शब्दांत, समोरच्या माणसांच्या डोळ्यांत पाहून सांगण्याचा सराव त्यात घडत नाही. आणि शालांत परीक्षा झाली की तेही संपते.

उभे राहून बोलण्याच्या भीतीपुढे थोरांचीही मात्रा चालली नाही. गांधीजींनी आत्मचरित्रात नमूद केलेली हकीकत सर्वश्रुत आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला हा तरुण मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात तीस रुपयांच्या मेहनतान्यावर आपला पहिला दावा चालविण्यास उभा राहिला. काम प्रतिवादीचे होते आणि वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करावयाची होती. पण उभे राहताच छाती धडधडू लागली, डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना, आणि अखेर पक्षकाराच्या मुखत्याराला फी परत देऊन त्यांनी कोर्टातून काढता पाय घेतला. त्याआधी लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या समितीत असताना स्वतः लिहून आणलेले निवेदनही दुसऱ्याकडून वाचवून घेण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. पुढे याच संकोचाने आपल्याला शब्दांची काटकसर शिकविली, असे त्यांनी कृतज्ञतेने म्हटले आहे. तथापि तो पुढचा लाभ झाला. कोर्टातल्या त्या क्षणी जे घडले, ते आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. अनेक नजरा एकाच वेळी आपल्यावर रोखल्या गेल्या की शरीर त्याला संकटाची चाहूल समजते, नाडी जलद होते, तोंडाला कोरड पडते, आणि घरी पाठ करून ठेवलेले वाक्य ऐन वेळी गैरहजर राहते. यावर पुस्तकी उपदेशाचा उपयोग अल्प होतो. धोका नाही अशा ठिकाणी, ओळखीच्या माणसांपुढे, पुन्हा पुन्हा उभे राहणे हाच खरा उपाय. आणि असे ठिकाण मिळावे कोठे, हा खरा प्रश्न.

अमेरिकेत हा प्रश्न राल्फ स्मेडली नावाच्या एका गृहस्थाने आपल्या परीने सोडविला. इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन येथे वाय.एम.सी.ए. या संस्थेच्या शिक्षण विभागाचे काम पाहत असताना त्याच्या ध्यानात आले, की तेथे येणाऱ्या तरुणांना सभेत बोलणे, सभा चालविणे आणि समितीत काम करणे यांपैकी काहीच धड येत नाही. १९०५ साली त्याने त्यांच्यासाठी एक मंडळ काढले. मेजवानीच्या प्रसंगी एकेका वक्त्यास पाचारण करणाऱ्या सूत्रधारास इंग्रजीत टोस्टमास्टर म्हणतात. मंडळाची बैठक तशाच खेळीमेळीच्या वातावरणात होत असल्याने तेच नाव पडले. स्मेडलीची गावोगावी बदली होत असे. जेथे तो जाई तेथे असे मंडळ निघे, आणि तो गेला की मागे राहिलेले मंडळ हळूहळू विझून जाई. अखेर २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे, वाय.एम.सी.ए.च्या इमारतीच्या तळघरात, जी बैठक भरली तिचे रोप मात्र रुजले. १९३० साली कॅनडात क्लब निघाला, १९३२ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, आणि आज ‘टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल’चे क्लब शंभराहून अधिक देशांत आहेत. मुंबई-पुण्यातही ते पुष्कळ आहेत.

स्मेडलीच्या सुरुवातीच्या मंडळांच्या सुमाराची दुसरी एक घटना तुलनेसाठी लक्षात घेण्याजोगी आहे. डेल कार्नेगी यांनी १९१२ साली न्यूयॉर्कच्या वाय.एम.सी.ए.मध्येच भाषणकलेचा वर्ग सुरू केला. संस्था एक, विषय एक, काळही जवळजवळ एक. परंतु मार्ग अगदी भिन्न. कार्नेगींचा वर्ग हा शुल्क घेऊन शिकविणाऱ्या अध्यापकाचा वर्ग होता. स्मेडलीच्या मंडळात अध्यापक हे पदच नव्हते. आज बोलणाराने उद्या ऐकावे, आज ऐकणाराने उद्या बोलावे, आणि ऐकून झाल्यावर काय ऐकले ते बोलणाराला सांगावे, एवढ्यावर सारा कारभार चाले. माणूस आनंदात असताना जितका शिकतो तितका एरवी शिकत नाही, ही स्मेडलीची श्रद्धा होती. गुरूवाचून विद्या नाही असे मानणाऱ्या आपल्या देशात ही कल्पना थोडी पाखंडी वाटेल. परंतु कुस्तीची तालीम आठवावी. तेथे वस्ताद असतो हे खरे, तरी पोरगा घडतो तो मुख्यतः जोडीदाराशी रोज झोंबल्याने.

या औदार्याला एक मोठे छिद्र होते, तेही सांगितले पाहिजे. स्त्रियांना टोस्टमास्टर्सचे दरवाजे १९७३ पर्यंत अधिकृतपणे बंद होते. हेलन ब्लँचार्ड या बाईंचे नाव १९७० साली सदस्यपटावर ‘होमर ब्लँचार्ड’ असे पुरुषी करून चढविण्यात आले, तेव्हा कोठे त्यांना प्रवेश मिळाला. आणि त्याच बाई १९८५ साली संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्षा झाल्या. बोलण्याची कला सर्वांना येऊ शकते असे मानणाऱ्यांनाही ‘सर्वांना’ या शब्दाची व्याप्ती समजण्यास अर्धशतक लागले.

आता क्लबात येणाऱ्या पाहुण्याकडे वळू. अशा क्लबाच्या बैठकीस कोणीही पाहुणा म्हणून जाऊ शकतो. मात्र एक खुलासा आधीच केलेला बरा. काही क्लब कंपन्यांच्या आवारात भरतात आणि तेथे बहुधा कंपनीच्या नोकरांनाच प्रवेश असतो; बाहेरच्यांसाठी असतात ते वस्तीतले, सर्वांना खुले असलेले क्लब, आणि सदस्यत्वासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. दारातच कोणीतरी हसतमुखाने पुढे येते, नाव विचारते, पाहुण्यांच्या वहीत नोंद करून घेते, कार्यक्रमपत्रिका हाती देते आणि एखाद्या जुन्या सदस्याच्या शेजारी बसविते. आपल्याकडील सभांची सवय असलेल्या माणसास हे आतिथ्य प्रथम संशयास्पद वाटते. विमा किंवा साखळी योजना गळ्यात मारणारी मंडळी अशीच गोड बोलतात. पण येथील उलगडा साधा आहे. स्वागत हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नसून ते दप्तरी काम आहे. सदस्यवाढीसाठी एक स्वतंत्र उपाध्यक्ष असतो, सभागृहाच्या मांडामांडीसाठी ‘सार्जंट ॲट आर्म्स’ या लष्करी थाटाच्या नावाचा एक पदाधिकारी असतो, आणि पाहुणा कोपऱ्यात एकटा बसून राहिला तर तो त्यांच्या कामातील कसूर मानला जातो.

यात स्वार्थ नाही असे मुळीच नाही. सदस्यांची वर्गणी सहामाही असते, दर सहामाहीस काही मंडळी गळतात, आणि नव्या क्लबाला मान्यता मिळविण्यासाठी साधारणतः वीस सदस्य जमवावे लागतात. तेव्हा पाहुण्यांवाचून क्लब जगणे कठीण. तथापि पाहुण्याची दुसरी एक गरज मला अधिक महत्त्वाची वाटते. दर आठवड्यास भेटणाऱ्या मंडळींना एकमेकांचे किस्से, एकमेकांच्या कोट्या, इतकेच काय, एकमेकांचे ठेवणीतले विराम तोंडपाठ झालेले असतात. त्या घरच्या श्रोत्यांपुढे यशस्वी झालेला विनोद बाहेरच्या माणसाला हसवितो की नाही, याची खातरजमा करण्यास पाहुण्याच्या अनोळखी कानांसारखे साधन नाही. पाहुण्याला वाटत असते की आपण परीक्षक मंडळापुढे आलो आहोत. वस्तुतः त्या संध्याकाळी बोलणारेच मनातून त्याच्याकडे पाहत असतात.

बैठक तास-दीड तासाची, क्वचित दोन तासांची असते, आणि ती ठरल्या मिनिटास सुरू होते. (मराठी सभांच्या नित्य श्रोत्याला हा पहिला धक्का असतो.) त्या संध्याकाळचा सूत्रधार एकेकास बोलावतो, बोलावलेला माणूस मंचापर्यंत पोहोचेतो टाळ्या चालू राहतात, सूत्रधार त्याच्याशी हस्तांदोलन करून मगच बाजूला होतो, कारण मंच रिकामा ठेवू नये असा शिरस्ता आहे. प्रथम तयारीची भाषणे होतात. ‘आइसब्रेकर’ या पहिल्या भाषणात नव्या सदस्याने चार ते सहा मिनिटे स्वतःविषयी बोलावयाचे असते, आणि या नियमामागील शहाणपण दाद देण्याजोगे आहे. ज्या विषयात कोणीही आपली चूक काढू शकत नाही, त्याच विषयाने आरंभ होतो. पुढची भाषणे सर्वसाधारणपणे पाच ते सात मिनिटांची. वेळ पाहणारा माणूस समोर बसलेला असतो आणि पाचव्या मिनिटास हिरवा, सहाव्यास पिवळा, सातव्यास तांबडा दिवा किंवा कागद दाखवितो. ‘आता फार वेळ घेत नाही’ असे म्हणून पुढे अर्धा तास घेणाऱ्या अध्यक्षांच्या प्रांतात हा तांबडा कागद आयात करण्याजोगा आहे, याविषयी दुमत होऊ नये.

त्यानंतर ‘टेबल टॉपिक्स’ नावाचा प्रकार येतो. एक सदस्य प्रश्न विचारतो आणि ज्याचे नाव निघेल त्याने उठून, विचार करण्यास फारशी उसंत न घेता, एक ते दोन मिनिटे बोलावयाचे. प्रश्न निरुपद्रवी असतात: घरातली कोणती जुनी वस्तू टाकवत नाही, गाव सोडताना काय बरोबर न्याल. येथे पाहुण्यालाही विचारले जाते, आणि येथेच त्याची छाती धडधडू लागते. परंतु पाहुण्याने नम्रपणे नकार दिला तर आग्रह करू नये अशी रीत आहे, आणि चांगले क्लब ती पाळतात. पहिल्या खेपेस नुसते बसून ऐकणाऱ्याला कोणी भित्रा समजत नाही. मात्र उठून जो बोलतो, त्याला पस्तीसाव्या सेकंदास शब्द संपले तरी टाळ्या तेवढ्याच मिळतात. आणि आपण उभे राहिलो, गडबडलो, तरी कोणीही हसले नाही, एवढा अनुभव बरोबर घेऊन तो घरी जातो.

या सर्व कार्यक्रमाचा गाभा मात्र शेवटच्या तृतीयांशात आहे. प्रत्येक तयार भाषणासाठी एक मूल्यमापक आधीच नेमलेला असतो. वक्ता बोलत असताना तो टिपणे घेतो आणि नंतर सर्वांसमक्ष दोन ते तीन मिनिटांत सांगतो, की यातले माझ्यापर्यंत काय पोहोचले, काय पोहोचले नाही, आणि पुढच्या खेपेस काय करून पाहावे. शब्दयोजना पाहण्यास एक ‘ग्रामेरियन’ असतो. तो आरंभी ‘आजचा शब्द’ देतो आणि तो कोणी वापरला, कोणाचे वाक्य सुरेख झाले, याची नोंद ठेवतो. आणखी एक ‘आह-काउंटर’ असतो. प्रत्येकाच्या बोलण्यातील ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, ‘ॲक्च्युअली’ हे भरताड शब्द मोजून अखेरीस त्याचा हिशेब वाचून दाखविणे हे त्याचे काम. शिवाय या मूल्यमापकांचेही मूल्यमापन करणारा एक मुख्य मूल्यमापक असतो! प्रथमदर्शनी ही नोकरशाहीची कमाल वाटते. पण जरा थांबून पाहिले तर या व्यवस्थेने काय साधले ते उमगते. येथे श्रोत्याला काम दिले आहे. ज्याच्याकडे केवळ कान देण्याची, म्हणजे व्यवहारात डुलकी घेण्याची, जबाबदारी होती, त्याला आता काहीतरी शोधायचे आहे, मोजायचे आहे, आणि उठून सांगायचे आहे.

आपल्याकडे भाषणावरील अभिप्रायाचे दोनच प्रकार प्रचलित आहेत. तोंडावर ‘फार सुंदर बोललात’, आणि चहाच्या टेबलावर ‘काय बोअर केले हो’. पहिल्याने वक्ता बिघडतो; दुसरा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. माणसाला न दुखविता, पण खोटेही न बोलता, त्याचा दोष त्याच्या पदरात घालणे ही बोलण्याहून अवघड कला आहे, आणि ती शिकविण्याची सोय मला अन्यत्र फारशी आढळलेली नाही. अनुभवी मूल्यमापक ‘तुमचा आवाज लहान होता’ असे म्हणत नाही. ‘आजोबांच्या मृत्यूचा प्रसंग आला तेव्हा मागच्या रांगेत मी पुढे झुकून ऐकत होतो आणि तरीही शेवटचे वाक्य मला लागले नाही’ असे म्हणतो. यात निवाडा नाही, साक्ष आहे. आणि साक्षीने माणूस सुधारतो तितका निवाड्याने सुधारत नाही. क्लब चांगला की सुमार, हे ठरविण्याची माझी कसोटीही हीच आहे. भाषणे ऐकून ठरवू नये, ती कोठेही कच्ची असणारच, मूल्यमापने ऐकावीत. ती नुसती गोडगोड असतील तर पाहुण्याने चहा घेऊन आभार मानावेत आणि दुसरा क्लब पाहावा.

दोष अर्थात आहेत, आणि ते लपविण्याचे कारण नाही. टाळ्यांचा इतका सुकाळ असतो की त्यांचे नाणे काही दिवसांनी हिणकस होते. वर्षभर एकाच साच्यात तालीम घेतलेले वक्ते एकसारखे बोलू लागतात: आरंभी प्रश्न, मध्ये बालपणीची गोष्ट, दोन्ही हात छातीपर्यंत, अखेरीस उद्बोधन. भरताड शब्द मोजण्याचा अतिरेक झाला की बोलणे निर्दोष होते आणि निर्जीवही होते. मराठीत ‘तर’ किंवा ‘म्हणजे’ हा कित्येकदा वाक्याचा श्वास असतो, त्याला दंड कशाला? आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की आपल्या शहरांतील या क्लबांचा कल मुख्यतः इंग्रजीकडे आहे. नोकरीच्या मुलाखतीची आणि बढतीची चिंता असलेल्या तरुणांना ती सोय हवी असते, हे मान्य. पण ज्याला मराठीतच चार वाक्ये सुसंगत बोलता येत नाहीत, त्याची अडचण इंग्रजी नसून उभे राहणे ही आहे, आणि ती परभाषेत आधी सोडविण्याचा अट्टहास त्याच्यावर दुहेरी ओझे टाकतो. संस्थेची याला मनाई नाही. क्लब अनेक भाषांत चालतात, आणि संस्थेचा अभ्यासक्रम ज्या मोजक्या भाषांत सिद्ध झाला त्यांत आपल्या देशातली तमिळ आहे. संस्थेच्या जागतिक वक्तृत्व स्पर्धेतही इंग्रजी ही मातृभाषा नसलेले वक्ते सर्वोच्च ठरले आहेत. २०१४ साली श्रीलंकेचे धनंजय हेट्टियाराच्ची आणि २०१५ साली सौदी अरेबियाचे मोहम्मद कहतानी विजयी झाले, आणि कहतानी तर लहानपणी अडखळत बोलत असत.

तेव्हा वाचकांपैकी ज्यांना कुतूहल असेल त्यांनी आपल्या वस्तीजवळचा खुला क्लब शोधून एक संध्याकाळ अवश्य द्यावी. पाहुण्याकडून सहसा शुल्क घेत नाहीत. पाच-दहा मिनिटे आधी जावे, शक्यतो पुढच्या रांगांत बसावे, नाव विचारले तर ते स्पष्ट सांगावे, आणि अखेरीस पाहुण्यांचा अभिप्राय विचारतात तेव्हा ‘छान वाटले’ एवढ्यावर न थांबता कोणत्या भाषणातील कोणती गोष्ट लक्षात राहिली ते एका वाक्यात सांगावे. तेच आपले पहिले मूल्यमापन समजावे. त्याच दिवशी सदस्य होण्याची घाई नको. दोन-तीन क्लब पाहून मगच पैसे भरावेत.

आणि एक विनंती गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या चालकांना, महिला मंडळांना व ज्येष्ठ नागरिक संघांना करावीशी वाटते. आपल्या संस्थांची सभागृहे आठवड्यातील बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यांपैकी एक संध्याकाळ मराठीतून बोलण्याच्या अशा बैठकीस द्यावी. त्यासाठी परदेशी संस्थेशी संलग्न होण्याचीही सक्ती नाही. दहा-बारा माणसे, एक घड्याळ, तीन रंगांचे कागद, आणि बोलणाऱ्याचे ऐकून घेऊन त्याला खरे ते प्रेमाने सांगण्याची तयारी, इतके साहित्य पुरते. व्याख्यानमाला आपण दीडशे वर्षे चालविल्या. आता श्रोत्यांनाही आळीपाळीने उभे करावे.